धर्मपुरी: एक तमिळ ग्रामीण जिल्हा आणि त्याचं न जुळणारं मतगणित

मोजपट्टी

तमिळनाडूच्या निवडणुकांवर मराठीत बोलणं निघालं की गाडी चेन्नईहून सुटते आणि "उत्तरेकडचा वन्नियार पट्टा म्हणजे पीएमके" या वाक्यावर येऊन थांबते. ते वाक्य कितपत टिकतं हे तपासायला धर्मपुरीइतका चांगला जिल्हा नाही, म्हणून हा धागा. वन्नियार ही या भागातली मोठी शेतकरी जात. पीएमके म्हणजे पाट्टाळि मक्कळ कच्ची, मुख्यतः वन्नियारांचा पक्ष, चिन्ह आंबा.

आधी ओळख. २ ऑक्टोबर १९६५ रोजी सेलममधून धर्मपुरी जिल्हा वेगळा काढला. ९ फेब्रुवारी २००४ रोजी त्यातून कृष्णगिरी निघाला, आणि होसूरचे कारखाने त्याच्याबरोबर गेले. मागे उरला तो जवळपास सगळा कोरडवाहू भाग. २०११च्या जनगणनेत लोकसंख्या १५,०६,८४३, त्यातले शहरात राहणारे जेमतेम १७ टक्के. साक्षरता ६८.५४ टक्के, म्हणजे राज्यात सर्वांत कमी (राज्याची ८० टक्के). दर हजार पुरुषांमागे ९४६ स्त्रिया, राज्यात हाच आकडा ९९६. अनुसूचित जाती सुमारे १६ टक्के, जमाती ४ टक्क्यांच्या आसपास.

विधानसभेच्या जागा पाच: पालक्कोडु, पेन्नागरम, धर्मपुरी, पाप्पिरेड्डिपट्टी आणि हरूर (राखीव). धर्मपुरी लोकसभेत या पाच आणि वर सेलम जिल्ह्यातली मेट्टूर, अशा सहा. पहिली चूक इथेच होते: लोकसभेचा निकाल म्हणजे जिल्ह्याचा निकाल असं धरलं जातं. मेट्टूर वजा केल्याशिवाय जिल्ह्याचं चित्र मिळत नाही.

आता कोडं बघा.

२०११ विधानसभा: पीएमके द्रमुकबरोबर. पाचही जागा विरोधी आघाडीला. पालक्कोडु आणि पाप्पिरेड्डिपट्टी अण्णाद्रमुक, धर्मपुरी विजयकांत यांचा डीएमडीके, पेन्नागरम भाकप, हरूर माकप.
२०१४ लोकसभा: दोन्ही द्रविड पक्षांना सोडून भाजप आघाडीत गेलेल्या पीएमकेचे अन्बुमणी रामदास ७७ हजारांवर मतांनी विजयी. राज्यात त्या आघाडीला दोनच जागा मिळाल्या, ही आणि कन्याकुमारी.
२०१६ विधानसभा: पीएमके एकटी, अन्बुमणी मुख्यमंत्रिपदाचे उमेदवार म्हणून पेन्नागरममध्ये उभे आणि पराभूत. द्रमुक २, अण्णाद्रमुक ३.
२०१९ लोकसभा: पीएमके अण्णाद्रमुकबरोबर. द्रमुकचे डॉ. सेंथिलकुमार ७० हजारांवर मतांनी विजयी.
२०२१ विधानसभा: आघाडी तीच, निकाल उलटा. पाचपैकी पाच अण्णाद्रमुक-पीएमकेला (३ + २), द्रमुक शून्य. तेही राज्यात द्रमुकचं सरकार आलं त्या निवडणुकीत!
२०२४ लोकसभा: पीएमके भाजपबरोबर, अण्णाद्रमुक वेगळा. द्रमुकचे ए. मणी ४,३२,६६७, पीएमकेच्या सौम्या अन्बुमणी ४,११,३६७, अण्णाद्रमुक २,९३,६२९. फरक २१,३००.

२०२४चा निकाल मतविभागणीने समजावता येतो. मग २०१९चं काय करायचं? तेव्हा दोन पानं (अण्णाद्रमुकचं चिन्ह) आणि आंबा एकत्रच होते. आणि २०११मध्ये उगवता सूर्य (द्रमुकचं चिन्ह) आणि आंबा एकत्र असून हाती शून्य आलं. थोडक्यात, पीएमकेची मतं मित्र असलेल्या द्रविड पक्षाच्या मतांत मिळवली की बेरीज येते, हे गणित इथे तीनदा फसलं आणि एकदाच बरोबर आलं (तिसरी वेळ २००९ लोकसभा: पीएमके अण्णाद्रमुकबरोबर, जागा द्रमुकला). जाणकारांनी भर घालावी.

---

रानहळद

चांगला धागा. एक गोष्ट लगेच सांगते, नाहीतर पुढची चर्चा भरकटेल.

महाराष्ट्रात मतदारयादी हातात आली की आडनावावरून अंदाज बांधायची सवय असते. तमिळनाडूत ती फेकून द्यावी लागते. यादीत आडनाव नसतं. मतदाराचं नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, संपलं. आडनावाच्या जागी येतं ते वडिलांच्या नावाचं आद्याक्षर. 'मणी', 'सेल्वम', 'मुरुगन' ही नावं कुठल्याही जातीची असू शकतात. जातीची पदवी नावामागे न लावण्याची पद्धत द्रविड चळवळीपासून रुळली, आणि विश्लेषकांची पंचाईत हा तिचा आनुषंगिक फायदा.

दुसरा खड्डा 'गौंडर' या शब्दाचा. बाहेरचे लोक गौंडर ऐकलं की कोंगु वेल्लाळ गौंडर समजतात, म्हणजे कोइंबतूर-ईरोडकडचा जमीनदार शेतकरी समाज. धर्मपुरीत वन्नियारही स्वतःला गौंडर म्हणवतात. दोन्ही समाज जिल्ह्यात आहेत. कोंगु वेल्लाळ मुख्यतः हरूर-पाप्पिरेड्डिपट्टीच्या बाजूला, वन्नियार सगळीकडे, पण धर्मपुरी-पेन्नागरम-पालक्कोडुत दाट. राजकारण दोघांचं वेगळं. बातमीत "गौंडर मतं" असं आलं तर कोणते गौंडर हे विचारल्याशिवाय पुढे वाचू नये.

वन्नियार किती टक्के, याला जनगणनेचं उत्तर नाही. स्वातंत्र्यानंतर २०११पर्यंतच्या जनगणनांत अनुसूचित जाती-जमाती सोडून जात मोजलीच गेली नाही, त्यामुळे जेवढे पक्ष तेवढे आकडे.

---

निळी शाई

@रानहळद, आडनाव नसलं तरी वस्ती असते. यादीच्या प्रत्येक भागाच्या पहिल्या पानावर त्या भागातल्या गल्ल्या-वाड्यांची नावं ओळीने छापलेली असतात. तमिळ खेड्यात 'ऊर' म्हणजे मूळ गाव आणि 'कॉलनी' किंवा 'चेरी' म्हणजे दलित वस्ती, मध्ये बहुधा शेताचा पट्टा किंवा रस्ता. यादीत 'आदि द्रविडर कॉलनी', 'अरुंधतियार तेरु' अशा नोंदी सापडतात ('तेरु' म्हणजे गल्ली). एखाद्या केंद्राच्या सगळ्या गल्ल्या कॉलनीच्या असतील तर तिथलं मत कुठे गेलं हे बऱ्यापैकी खात्रीने सांगता येतं. ऊर आणि कॉलनी एकाच केंद्रात असतील तर काहीच सांगता येत नाही, आणि तिथे जे ठामपणे सांगतात ते थापा मारतात.

ही वाटही आता बंद होतेय. सरकारी नोंदींतून 'कॉलनी' हा शब्द काढायचं तेव्हाचे मुख्यमंत्री स्टालिन यांनी एप्रिल २०२५मध्ये विधानसभेत जाहीर केलं, पुढे जातिवाचक गल्ल्यांची नावं बदलायचा आदेशही निघाला. निर्णय योग्यच आहे. फक्त ज्यांना जुन्या-नव्या याद्या जोडायच्या आहेत त्यांनी जुन्या याद्यांची पहिली पानं आत्ताच उतरवून ठेवावीत.

---

पारावरचा

२०१२चा उल्लेख अजून कोणी केला नाही याचं नवल वाटलं. त्याशिवाय धर्मपुरी कळत नाही.

७ नोव्हेंबर २०१२. वन्नियार मुलगी आणि दलित मुलगा यांचं लग्न, त्यातून मुलीच्या वडिलांचा मृत्यू, आणि त्याच दिवशी धर्मपुरीजवळच्या नायक्कनकोट्टै भागात नत्तम, अण्णानगर आणि कोंडमपट्टी या तीन दलित वस्त्यांवर जमाव चालून गेला. अडीचशेच्या वर घरं लुटली, जाळली. घरं बहुतेक पक्की होती. बेंगळूर-तिरुप्पूरला मजुरी करून उभी केलेली, आत टीव्ही, दुचाकी, कपाटात दागिने. नेमकं तेच गेलं.

दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. एक, हाच भाग १९७०-८०च्या दशकांत नक्षलवादी चळवळीचा होता आणि तेव्हा वन्नियार आणि दलित मजूर एका बाजूला होते. नायक्कनकोट्टैला त्या काळातल्या नेत्यांचं स्मारकही आहे. वर्गाच्या नावाने जुळलेलं जातीच्या नावाने तीस वर्षांत उसवलं. दोन, या घटनेनंतर पीएमकेचे संस्थापक डॉ. रामदास यांनी दलितेतर जातींची मोट बांधायचा जाहीर प्रयत्न केला. २०१४चा विजय त्या हवेतला. पण त्याच हवेने दलित मतदार पीएमकेच्या चिन्हापासून कायमचा दूर गेला, आणि पीएमके ज्या आघाडीत जाईल त्या आघाडीपासूनही. मोजपट्टींच्या कोड्याचं अर्धं उत्तर इथे आहे असं माझं मत. पीएमके येताना मतं आणते, तशी घालवतेही.

---

आकडेमोड

@पारावरचा, हे ऐकायला पटतं, पण मग २०२१ला पाचपैकी पाच कसे? दलित मतदार तेव्हाही होताच की.

---

पारावरचा

कारण २०२१ला पाचपैकी तीन जागी चिन्ह दोन पानं होतं, आंबा दोनच जागी. अण्णाद्रमुकला संस्थापक एमजीआर यांच्या काळापासून दलित मतांचा, विशेषतः बायकांच्या मतांचा आधार आहे. दोन पानांना मत देणारी बाई आंब्याचं बटण दाबेलच असं नाही. उलट वन्नियार मतदार दोन पानांना सहज मत देतो. मतांची ही वाहतूक एका दिशेला सोपी आणि दुसऱ्या दिशेला अवघड आहे.

आंब्याच्या त्या दोन जागा पेन्नागरम आणि धर्मपुरी. पीएमकेला २०२१मध्ये सबंध राज्यात पाच आमदार मिळाले, त्यातले तीन या एका लोकसभा मतदारसंघातले: हे दोन आणि मेट्टूर. पक्षाचं खरं घर हेच. मार्च २०१०च्या पेन्नागरम पोटनिवडणुकीत एकट्याने लढून ती दुसरी आली होती आणि अण्णाद्रमुकची अनामत जप्त झाली होती.

---

बारामहाल

थोडी जुनी पार्श्वभूमी. हा प्रदेश इतिहासात बारामहाल म्हणून ओळखला जातो. धर्मपुरीचं त्याहून जुनं नाव तगडूर, संगम काव्यातल्या (प्राचीन तमिळ काव्य) अदियमान राजाचं. १७९२मध्ये टिपूकडून बारामहाल कंपनीकडे आला आणि अलेक्झांडर रीड यांच्या हाताखाली थॉमस मन्रो इथे जमीनमोजणी करू लागले. जमीनदाराला मध्ये न घेता थेट रयतेशी सारा ठरवायचा, ही रयतवारी इथे घडली. पुढे तीच मुंबई इलाख्यात आली. महाराष्ट्रात खातेदार आणि सरकार यांच्यामध्ये जमीनदार नाही, याचं एक मूळ धर्मपुरीच्या या माळावर आहे.

मुद्द्याशी संबंध असा: तंजावरसारखे मोठे भूस्वामी आणि मठ-देवस्थानांच्या हजारो एकरांच्या जमिनी इथे नाहीत. दोन-चार एकरवाला वन्नियार आणि भूमिहीन दलित यांच्यातलं अंतर फार नाही, म्हणूनच मजुरीचा पैसा आला की तणाव वाढतो. कावेरी खोऱ्यात कम्युनिस्ट पक्ष जमीनदाराविरुद्ध वाढले. इथे ते मुख्यतः जंगल आणि आदिवासींच्या प्रश्नावर टिकले.

---

रानहळद

+१. जंगलाचा विषय निघाला म्हणजे वाचाती आलंच. हरूर तालुका, सित्तेरी डोंगराच्या पायथ्याचं मलयाळी आदिवासींचं गाव. (मलयाळी ही जमात आहे, केरळशी घोळ नको. 'मलै' म्हणजे डोंगर, मलयाळी म्हणजे डोंगरातला.) २० जून १९९२ला चंदन तस्करीच्या नावाखाली वन, पोलीस आणि महसूल खात्याचे लोक गावात शिरले. मारहाण, नासधूस, १८ स्त्रियांवर बलात्कार. आरोपी २६९. खटल्याचा निकाल १९ वर्षांनी, २९ सप्टेंबर २०११ला. तोवर ५४ आरोपी मरण पावले होते, उरलेले सगळे २१५ दोषी ठरले. मद्रास उच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२३ला शिक्षा कायम केली आणि पीडितांना प्रत्येकी १० लाख द्यायला सांगितले.

हे प्रकरण माकप आणि आदिवासी संघटनेने लावून धरलं. हरूरला २०११मध्ये माकपचा आमदार का झाला, याचं उत्तर फक्त आघाडीच्या बेरजेत शोधू नये. राखीव जागेवर उमेदवार दलित असतो, पण निकाल कोंगु वेल्लाळ, वन्नियार, आदिवासी, परैयर आणि अरुंधतियार अशा पाच ढिगांवर ठरतो. यातल्या शेवटच्या दोन्ही दलित जाती, पण त्यांनाही एक समजू नका. अरुंधतियारांना २००९पासून अनुसूचित जातींच्या १८ टक्क्यांत ३ टक्क्यांचा वेगळा कोटा आहे, तो करुणानिधी सरकारने दिला, आणि त्यांचा द्रमुककडे ओढा आहे.

---

आकडेमोड

आरक्षणावरून आठवलं. २०२१चं १०.५ टक्के प्रकरण कोणी नीट मांडेल का? इकडे लोक त्याची मराठा आरक्षणाशी सरमिसळ करतात.

---

निळी शाई

सरमिसळ चुकीची आहे. मराठा आरक्षणात प्रश्न होता समाज मागास आहे का आणि ५० टक्क्यांची मर्यादा ओलांडायची का. वन्नियार आधीपासून मागास आहेतच, आणि तमिळनाडूत ६९ टक्के आरक्षण घटनेच्या नवव्या अनुसूचीच्या आधाराने चालू आहे. इथला प्रश्न वाटणीचा.

क्रम असा. १९८०मध्ये वन्नियार संघम ही संघटना निघाली. सप्टेंबर १९८७मध्ये आठवडाभर रस्ता रोको, गोळीबार, २१ मृत्यू. १९८९मध्ये द्रमुक सरकारने मागासांच्या ५० टक्क्यांतून २० टक्के काढून 'अतिमागास' गट केला. त्यात शंभरावर जाती, वन्नियार सगळ्यांत मोठे. वन्नियारांना हवा होता स्वतंत्र वाटा, मिळाली सामायिक थाळी. त्याच वर्षी जुलैत पीएमके स्थापन झाली. २६ फेब्रुवारी २०२१ला, निवडणूक जाहीर झाली त्याच दिवशी, अण्णाद्रमुकच्या पळनिस्वामी सरकारने २०पैकी १०.५ टक्के एकट्या वन्नियारांना देणारा कायदा केला. १ नोव्हेंबर २०२१ला मदुरै खंडपीठाने तो रद्द केला आणि ३१ मार्च २०२२ला सर्वोच्च न्यायालयाने तेच कायम ठेवलं. मुख्य कारण: एका जातीला वेगळं काढण्याइतकी ताजी आणि पुरेशी आकडेवारी नाही.

राजकीय परिणाम दुहेरी झाला. उत्तरेत, म्हणजे धर्मपुरी-सेलमकडे फायदा. दक्षिणेत, अतिमागास गटातल्या बाकीच्या जाती बिथरल्या.

---

कोंगुवाट

जातीशिवायही काही आहे का या जिल्ह्यात? पाणी, रोजगार यावर कोणीच बोलत नाही.

---

बारामहाल

रास्त. पाण्यापासून सुरू करू, कारण इथे तोच विषय आधी निघतो. भूजलात फ्लोराइड जास्त. दात पिवळे-तपकिरी पडणं ही वरवरची खूण, खरं दुखणं सांधे आणि हाडांचं. कावेरी जिल्ह्याच्या सीमेवरून होगेनकलला धबधबा होऊन खाली जाते, पण पेन्नागरमच्या माळाला तिचा उपयोग नव्हता, कारण नदी दरीत आणि शेत वर. जपानच्या कर्जातून साधारण १,९०० कोटींची होगेनकल पाणीपुरवठा योजना झाली. २००८मध्ये कर्नाटकाने जोरदार विरोध केला, २०१३मध्ये जयललितांनी उद्घाटन केलं. श्रेय द्रमुकही घेतो, कारण पायाभरणी त्यांच्या काळातली.

ती योजना पिण्याच्या पाण्याची. शेतीसाठी मागणी आहे ती कावेरीचं पुराचं जादा पाणी उपसून तलावांत सोडण्याची. प्रत्येक निवडणुकीत प्रत्येक उमेदवार ते आश्वासन देतो. तसंच धर्मपुरी-मोरप्पूर रेल्वेचं, ३६ किलोमीटर. ब्रिटिश काळात इथे अरुंद रुळांची गाडी होती, दुसऱ्या महायुद्धात रूळ उखडले, पायाभरणी पुन्हा झाली मार्च २०१९मध्ये, निवडणुकीच्या तोंडावर.

शेती: नाचणी, टॅपिओका, ऊस, हळद, आंबा, पालक्कोडुचे टोमॅटो, रेशीमकोष. पालक्कोडु आणि गोपालपुरम असे दोन सहकारी साखर कारखाने. पाऊस दोन-तीन वर्षं हुकला की ऊस संपतो आणि माणसं बेंगळूर, होसूर, तिरुप्पूरला जातात.

---

मोजपट्टी

आणि मतदानाला परत येतात, हे विशेष. २०२४मध्ये राज्याची टक्केवारी ६९.७ होती, धर्मपुरीची ८१.२, राज्यात पहिली. २०२१ला पालक्कोडुत ८७.३३, तीही राज्यात पहिली. साक्षरतेत तळाला आणि मतदानात शेंड्याला असा हा जिल्हा. "शिक्षण वाढलं की मतदान वाढतं" म्हणणाऱ्यांनी चेन्नई आणि धर्मपुरीचे आकडे शेजारी ठेवून बघावेत.

---

रानहळद

त्यात बायकांचा वाटा मोठा. मासिक हजार रुपयांच्या कलैञर मगळिर उरिमै योजनेची नोंदणी शिबिरं जुलै २०२३मध्ये स्टालिन यांनी याच जिल्ह्यातल्या तोप्पूरहून सुरू केली, पहिली रक्कम सप्टेंबर २०२३मध्ये. महाराष्ट्रातली लाडकी बहीण त्यानंतर वर्षभराने आली. योजनेचं नाव 'उरिमै तोगै', म्हणजे हक्काची रक्कम. मदत, ओवाळणी असला शब्द मुद्दाम टाळलेला आहे.

दुसरी बाजूही सांगायला हवी. २००१मध्ये सध्याच्या धर्मपुरी जिल्ह्याच्या हद्दीत सहा वर्षांखालच्या मुलींचं प्रमाण हजार मुलांमागे ८२६ होतं. 'तोट्टिल कुळंदै' म्हणजे पाळणा योजना १९९२मध्ये सेलमला सुरू झाली, २००१मध्ये इथे आली: नको असलेली मुलगी मारू नका, पाळण्यात ठेवा. २०११ला प्रमाण नऊशेच्या वर गेलं. तरी बेकायदा गर्भलिंग तपासणीच्या टोळ्या इथे अधूनमधून पकडल्या जातात. अर्भकहत्या कमी झाली, ती यंत्रावर गेली असंही म्हणता येईल.

ताळा करणाऱ्यांसाठी: २००१च्या मूळ तक्त्यात कृष्णगिरी धरून एकच धर्मपुरी आहे. तो आकडा २०११शी थेट लावू नका, तालुकावार बेरीज करूनच तुलना करा.

---

कोंगुवाट

मतदान केंद्रांचा विषय आलाच आहे तर एक दृश्य. पेन्नागरमच्या बाजूला कोट्टूर हे डोंगरावरचं गाव. गाडीरस्ता नसल्याने निवडणुकीच्या आदल्या दिवशी यंत्रं गाढवांवर लादून वर नेत, २०२१मध्येही नेली. कंट्रोल युनिट, मत द्यायचं युनिट आणि चिठ्ठीचं यंत्र, प्रत्येक आपल्या पेटीत, पेट्या गोणपाटात, वजन दोन्ही अंगांना सारखं, कारण चढावर एक बाजू जड झाली की ओझं घसरतं. पुढे गाढववाला, मागे बंदूकधारी पोलीस, त्यामागे हातात चपला घेतलेले निवडणूक कर्मचारी. दुसऱ्या दिवशी मतदान संपलं की तीच वरात उलट्या दिशेने.

---

आकडेमोड

भारी. आता कामाचं विचारतो. हे सगळं केंद्रवार तपासायचं तर सुरुवात कुठून? नमुना २० उतरवला, पण २०१९ आणि २०२१चे केंद्र क्रमांक कुठेच जुळत नाहीत.

---

निळी शाई

जुळणार नाहीत. क्रमांक जुळवू नका, इमारत जुळवा.

नमुना २० म्हणजे अंतिम निकालपत्रक. एका ओळीत एक केंद्र, पुढे उमेदवारवार मतं, मग वैध मतांची बेरीज, नोटा, एकूण. टपाली मतं शेवटी एकरकमी येतात, ती कुठल्याच केंद्राची नसतात. लोकसभेला विधानसभा मतदारसंघनिहाय वेगळी पत्रकं असतात, म्हणून धर्मपुरीची सहा, त्यातलं मेट्टूर बाजूला ठेवायचं.

बिघडतं ते असं:

कोविडमुळे २०२१मध्ये एका केंद्रावर हजारच मतदार ठेवले, म्हणून शेकडो ठिकाणी ४५ आणि ४५अ अशी जोडकेंद्रं झाली. ती एकत्र करा, मग २०१९शी लावा.

केंद्राचं नाव यादीच्या पहिल्या पानावर असतं: शाळेचं नाव, दिशा, खोली. त्याच शाळेची पूर्वेकडची आणि पश्चिमेकडची खोली ही दोन वेगळी केंद्रं. एक बहुधा ऊरचं, दुसरं कॉलनीचं. इथे गफलत झाली की अख्खा निष्कर्ष उलटा.

जुन्या तमिळ पीडीएफमध्ये अक्षरं युनिकोडची नसतात. मजकूर उचलून चिकटवला की कचरा मिळतो. पानाचं चित्र करून अक्षरओळख चालवावी लागते आणि आकडे हाताने तपासावे लागतात.

नावांचा घोळ: इंग्रजी कागदात हरूर, तमिळमध्ये अरूर. पाप्पिरेड्डिपट्टीची तर चार-पाच स्पेलिंगं सापडतात. आणि २००८च्या पुनर्रचनेआधी पाप्पिरेड्डिपट्टी ही जागाच नव्हती, मोरप्पूर होती, जी आता नाही. त्यामागे जायचं असेल तर गावनिहाय जा.

शेवटचं: २०२५च्या अखेरीस झालेल्या सखोल पुनरिक्षणात तमिळनाडूच्या प्रारूप यादीतून सुमारे ९७ लाख नावं गळाली. त्यापुढची टक्केवारी जुन्या टक्केवारीशी तोलताना खालचा आकडा बदललाय हे ध्यानात ठेवा. टक्का चढला म्हणून मतदार वाढले असं होत नाही.

---

मोजपट्टी

यात एक सोनं दडलंय, ते सांगतो. १८ एप्रिल २०१९ला पाप्पिरेड्डिपट्टी आणि हरूरमध्ये मतदारांनी दोन यंत्रांवर दोन मतं दिली, एक लोकसभेला, एक विधानसभा पोटनिवडणुकीला. (अण्णाद्रमुकमधून फुटलेले नेते दिनकरन यांच्या बाजूला गेल्याने अपात्र ठरलेल्या १८ आमदारांपैकी दोघं इथले होते.) आघाडी एकच. लोकसभेच्या यंत्रावर आंबा, विधानसभेच्या यंत्रावर दोन पानं. दोन्ही पोटनिवडणुका अण्णाद्रमुकने जिंकल्या, लोकसभा आंब्याने गमावली.

तोच दिवस, तीच शाळा, तेच बोट. दोन्ही पत्रकांत तीच केंद्रं, म्हणून जुळवणीची कटकट नाही. प्रत्येक केंद्रावर दोन पानांच्या मतांतून आंब्याची मतं वजा करा. कॉलनीच्या केंद्रांवर फरक मोठा आणि वन्नियार ऊरच्या केंद्रांवर शून्याजवळ किंवा उणे आला, तर पारावरच्यांचं म्हणणं खरं. सगळीकडे सारखाच आला, तर कारण चिन्हात किंवा उमेदवारात शोधावं लागेल. दिनकरन यांच्या पक्षाचा स्तंभ दोन्हीकडे वेगळा मांडून ठेवा. लोकसभेला त्यांचे उमेदवार पळनियप्पन हे पाप्पिरेड्डिपट्टीचेच अपात्र ठरलेले आमदार होते, त्यामुळे तिथे फरकाचा एक हिस्सा त्यांच्याकडे गेलेला असू शकतो.

---

निळी शाई

पाप्पिरेड्डिपट्टीतली आठ केंद्रं त्यातून वगळा. तिथे १९ मे २०१९ला फेरमतदान झालं.

---

आकडेमोड

हरूरपासून सुरू करतो. पत्रकं उतरवलीत, चित्रं करायला लावलीत. पहिली पन्नास केंद्रं झाली की इथेच टाकतो.